खवळलेला फळा

समुद्राचं वर्णन करायला समुद्रात जावं लागत नाही, असं फळेकरांचं ठाम मत होतं. लाँच कंपनीच्या तिकीट कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली, खिडकीतून रोज समोरची खाडी पाहिली, हजारो लोकांना पलीकडे धाडलं, पण स्वतः लाँचमध्ये पाऊल म्हणून ठेवलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "जवळ गेलं की नुसतं पाणी दिसतं. लांबून समुद्र दिसतो." ऐकणारा त्या वाक्याच्या वजनाखाली गप्प व्हायचा. खरी गोष्ट एवढीच होती की हलणाऱ्या कशावरही बसलं की फळेकरांच्या पोटात ढवळायचं. इमारतीच्या आवारातल्या झोपाळ्यावर लेकीला मांडीवर घेऊन ते एकदाच बसले होते, आणि उतरल्यावर त्या चिमुरडीनेच त्यांना हाताला धरून घरी आणलं होतं. ही हकीकत घराबाहेर गेली नव्हती, कारण घरात तशी सक्त ताकीद होती.

फळेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. धक्क्यावरचा फळा तेच लिहितात म्हणून लोकांनी ते पाडलं, आणि आता मुख्य कचेरीतून येणाऱ्या पाकिटांवरही तेच असायचं. खऱ्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून कुणाला बोलावताहेत ते बघायचे.

तर हा फळा. पूर्वी फळा नव्हताच, पत्र्याची एक पाटी होती. एका बाजूला 'शांत', दुसऱ्या बाजूला 'खवळलेला'. सकाळी खिडकीतून बघायचं, जी बाजू योग्य वाटेल ती पुढे करायची आणि चहाला लागायचं. एके दिवशी वाऱ्याने ती पाटीच उचलून खाडीत नेली. त्या वेळी तिची कोणती बाजू वर होती, यावर धक्क्यावर अजून वाद होतात. फळेकरांनी रीतसर नवी पाटी मागितली. पण मागितलेली वस्तू सरळ दिली तर ती मुख्य कचेरी कसली? तिकडून उत्तर आलं की परदेशी प्रवाशांची वाढती ये-जा पाहता पाण्याची स्थिती यापुढे फळ्यावर, खडूने, इंग्रजीत आणि 'वर्णनात्मक स्वरूपात' लिहावी, आणि तीच टेलिफोनवरून पलीकडच्या धक्क्यालाही कळवावी. सोबत एक फळा आणि खडूंचा एक खोका आला. पुसायचं फडकं ज्याने त्याने घरून आणायचं होतं.

दुसरा कुणी कारकून असता तर 'वर्णनात्मक' या शब्दाकडे त्याने काणाडोळा केला असता. फळेकरांनी तो शब्द छातीशी धरला. आजवर कंपनीने त्यांच्याकडे तिकिटं मागितली, हिशेब मागितले, गैरहजेरीची कारणं मागितली, पण वर्णन कधी कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी माळ्यावरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश खाली काढला, त्यावरची धूळ झटकली आणि त्या धुळीने बायकोला शिंका येत असताना जाहीर केलं, "आता आपल्या हाती काहीतरी आलंय."

"हाताला काळं लागलंय ते आधी धुवा," बायको म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'चॉपी सी'. म्हणजे बारीक बारीक, तुटक लाटांचं पाणी. वर्णन अचूक होतं, अक्षर सुरेख होतं, आणि दिवसभरात कुणीही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी एका परदेशी जोडप्याने मात्र फळ्यापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. फळेकर तिकिटाच्या खिडकीतून मान बाहेर काढून ते बघत राहिले, आणि रांगेतल्या माणसाला त्यांनी सुटे पैसे परत द्यायचे ते नोटच परत दिली. तिथून पुढे जे झालं त्याला ते जोडपं जबाबदार आहे, पण ते केव्हाच आपल्या देशी निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'व्हाइट हॉर्सेस' आले. लाटांचे माथे फेसाळले की इंग्रजीत त्यांना पांढरे घोडे म्हणतात, हे फळेकरांनी रात्रीच्या जेवणात घरी समजावून सांगितलं होतं. धक्क्यावर समजावून सांगायला ते विसरले. दुपारी एक कुटुंब आलं, आजीआजोबांसकट. शाळेत जाणाऱ्या नातवाने फळा वाचून दाखवला होता आणि त्याला घोड्यावर बसायचं होतं. "एक फेरी केवढ्याला?" आजोबांनी विचारलं. फळेकर रूपक म्हणजे काय ते सांगू लागले तसा नातवाने भोकाड पसरलं. शेवटी त्या पोराला लाँचचा भोंगा वाजवायला द्यावा लागला.

इमारतीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. निवृत्तीनंतर चुका काढायला मुलं उरली नव्हती, त्यामुळे ते जिन्यातल्या सूचना, दुधाच्या पिशव्या आणि औषधांची वेष्टनं तपासायचे. ते मुद्दाम धक्क्यावर आले, हात मागे बांधून फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "विशेषण एकच? गरिबी आहे फळेकर, गरिबी. तीन घाला. आणि तिन्ही एकाच अक्षराने सुरू होणारी. कान भरला पाहिजे."

तळमजल्यावरच्या काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण मत होतं. "रंगीत खडू वापरा की. लाटा निळ्या, फेस पांढरा. बाजूला एखादी बोट काढा, बुडणारी."

"बुडणारी नको," फळेकर म्हणाले.

"मग बघणार कोण?" काकू म्हणाल्या.

बोट निघाली नाही, पण तीन विशेषणं आली. 'रेस्टलेस, रोअरिंग, रेजिंग'. दुसऱ्या दिवशी 'हीविंग, हिसिंग, हंग्री', म्हणजे उसळणारं, फुत्कारणारं आणि भुकेलं पाणी. खिडकीबाहेर खाडी आपली नेहमीसारखी होती. भरतीला जरा वर, ओहोटीला जरा खाली. पण काल जे पाणी भुकेलं होतं त्याला आज नुसतं ओलं कसं म्हणायचं? शब्दांना एकदा चढण लागली की उतार सापडत नाही. फळेकर रोज सकाळी कालच्या फळ्याच्या वर एक पायरी चढायचे.

"अहो, पण पाणी तर कालचंच आहे," बायको एकदा म्हणाली. ती भाजी आणायला धक्क्यावर आली होती. "काल ते नुसतं चिडलेलं होतं आणि आज चवताळलं, ते कशाने? मध्ये कुणी काही बोललं का त्याला?"

ज्यांच्या घरात कलेची कदर नसते अशा थोर माणसांची यादी त्यांनी मनातल्या मनात म्हटली आणि शेवटी आपलं नाव घातलं.

कदर करणारा एक माणूस मात्र होता, तो म्हणजे लाँचचा तांडेल. वर्षानुवर्षं सुकाणू धरून उभा राहणाऱ्या या गड्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. लोक चढायचे, शेंगा खायचे, उतरायचे. आता परदेशी पाहुणे फळा वाचून लाँचमध्ये बसायचे आणि असल्या पाण्यातून नेणारा हा नरवीर कोण म्हणून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. तांडेलाने एक कडक टोपी शिवून घेतली. सकाळी टोपी काखेत धरून तो खिडकीशी यायचा आणि विचारायचा, "फळेकर, आज मी कशातून जातोय?"

"बॉइलिंग," फळेकर सांगायचे. "उकळत्यातून."

"झकास," असं म्हणून तांडेल टोपी चढवायचा.

माणूस इमानी होता. फळ्यावर 'टॉसिंग' लिहिलेलं असताना लाँच सरळ गेली तर फळेकरांची काय अब्रू राहील, असा विचार करून तो मधूनच लाँच आडवी घालायचा आणि चार हेलकावे देऊन पुन्हा सरळ करायचा. पाहुणे खूश व्हायचे. रोजच्या प्रवाशांच्या डब्यातलं कालवण मात्र पिशवीत सांडायचं, आणि ते फळेकरांच्या नावाने बोटं मोडायचे. त्यातले काही वळसा घालून जाणारी बस धरू लागले. ती बस खाडीभोवती फिरत दिवस खायची, पण ती निदान जमिनीवरून जायची.

धक्क्याजवळच्या औषधांच्या दुकानात उलटीच्या गोळ्यांचा खप वाढला. हे फळेकरांना घरबसल्या कळायचं, कारण त्या दुकानात त्यांची लेकच औषधं द्यायला उभी असायची. "बाबा, आजचा फळा जरा जास्त झाला. दुपारीच गोळ्या संपल्या," ती म्हणायची. हे कौतुक की तक्रार, ते फळेकरांनी विचारलं नाही. त्यांनी ते कौतुकाच्या खात्यात धरलं.

आणि मग मुख्य कचेरी जागी झाली. कुणीतरी पाहुण्याने फळ्याचा फोटो साहेबांना दाखवला. साहेबांनी तो सुरक्षा अधिकाऱ्याकडे पाठवला. समुद्र जर खरंच असा असेल तर लाँच चालते कशी, आणि नसेल तर फळा चालतो कसा, असा पेच त्या अधिकाऱ्याला पडला. त्याने सुटका करून घेण्यासाठी एक परिपत्रक काढलं. पाण्याच्या इंग्रजी शब्दांची यादी करून तिचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातला शब्द असेल तर लाँच नेहमीप्रमाणे सोडावी. दुसऱ्या वर्गातला असेल तर सगळ्यांना लाइफ जॅकेट घालावं. तिसऱ्या वर्गातला असेल तर लाँच बंद, आणि सुरक्षा अधिकारी जातीने धक्क्यावर येऊन पाण्याची पाहणी करीपर्यंत फळा पुसायचा नाही. अधिकारी राहायचे खाडीपलीकडे. पाहणीला ते येणार लाँचने. ती बंद असताना कसे येणार, याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

फळेकरांना हे परिपत्रक फार लागलं. 'हंग्री' दुसऱ्या वर्गात आणि 'अँग्री' पहिल्या? ज्याने आयुष्यात एक वाक्य धड लिहिलं नसेल असा माणूस समुद्राला इयत्ता देतो? त्यांनी ठरवलं की नियम तंतोतंत पाळायचा. तिन्ही वर्गांत जो शब्द नाही तोच लिहायचा, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको. एवढं ठरवल्यावर परिपत्रकाची शेवटची ओळ वाचायचं त्यांना कारण उरलं नाही. तशीही परिपत्रकाची शेवटची ओळ वाचणारा कारकून अजून जन्माला यायचा आहे.

त्याच सुमारास घरात एक गोष्ट ठरत होती. लेकीने स्वतःचं लग्न स्वतः जुळवलं होतं. मुलगा पलीकडे राहायचा, रोज लाँचने अलीकडे नोकरीला यायचा, आणि त्याला लाँच लागायची नाही तरी तो रोज उलटीची एक गोळी विकत घ्यायचा. हे लक्षात यायला लेकीला वेळ लागला नव्हता. मुलगा सरळ होता, घरच्यांना पसंत होता. फक्त त्याच्या आईने अजून हे घर पाहिलं नव्हतं. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. पाण्याची त्यांना भीती. खाडीच्या अलीकडे कधी येतच नसत. रविवारी येते म्हणाल्या होत्या, कारण सोमवारी त्या आपल्या मुलीकडे दूरच्या देशात राहायला निघणार होत्या, तिकडच्या बाळंतपणाला. "भेट झाली तर जाण्याआधी तारीख ठरवू, नाहीतर मग परत आल्यावर बघू," असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं. परत कधी येणार ते त्यांनी सांगितलं नव्हतं. लेकीने शनिवारी घरातले सगळे पडदे धुतले आणि रात्री ओलेच लावले.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? फळ्यावर 'काम सी' लिहिलं असतं, म्हणजे शांत समुद्र, आणि दाढी करून पाहुण्यांची वाट पाहिली असती. तेही खरं लिहिणं झालं असतं, कारण रविवारी सकाळी खाडी ताटात ओतलेल्या तेलासारखी गुळगुळीत पडली होती. पण फळेकरांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पलीकडच्या धक्क्यावर आज एक इंग्रजीच्या प्राध्यापिका उभ्या राहणार होत्या. इतके दिवस जे लिहिलं ते वाचणारे कोण, तर घोडे शोधणारे आजोबा आणि बुडती बोट मागणाऱ्या काकू. आज पहिल्यांदा वाचणारं माणूस फळ्यासमोर येणार होतं. आणि तेही होणारी विहीणबाई.

त्यांनी शब्दकोश आणि परिपत्रक दोन्ही मांडीवर घेतलं. वरून हेडमास्तरांना बोलावलं. दोघांनी चहा गार होईपर्यंत खल केला आणि मग धक्क्यावरच्या फळ्यावर हे अवतरलं: 'ट्युमल्चुअस, ट्रेचरस, टायटॅनिक बिलोज, क्लॅमरिंग फॉर द सोल्स ऑफ मेन'. म्हणजे थैमान घालणाऱ्या, दगलबाज, राक्षसी लाटा, माणसांच्या आत्म्यांसाठी आक्रोश करताहेत.

"आत्मे घातलेत ते उत्तम," हेडमास्तर म्हणाले.

फळेकरांनी कचेरीतला फोन उचलून ते पलीकडच्या कारकुनाला सांगितलं. हा कारकून रोज सकाळी फळेकरांची विशेषणं लिहून घेत आला होता, एका हातात फोन आणि एका हातात खडू धरून, आणि त्याबद्दल त्याच्या मनात काय होतं ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज त्याने सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाला, "फळेकर, लाँच बंद करतो."

"का म्हणून? यातला एक शब्द तुमच्या वर्गात नाही!"

"म्हणूनच. शेवटची ओळ वाचा. 'यादीत नसलेला कोणताही शब्द तिसऱ्या वर्गात धरावा.'" त्याच्या आवाजात इतक्या दिवसांचा खडू होता. "आता अधिकाऱ्यांची पाहणी झाल्याशिवाय पुसताही येणार नाही. आणि ते आज सासुरवाडीला गेलेत."

फळेकर खुर्चीत बसले. खुर्ची हलत नव्हती, तरी त्यांना ढवळल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने लेकीचा फोन वाजला. ती आईबरोबर धक्क्यावरच आली होती, पाहुण्यांना उतरवून घ्यायला. पलीकडून होणारा जावई बोलत होता. तिने फोन वडिलांच्या हातात दिला.

"काका, आई फळ्यापाशी उभी आहे. दोनदा वाचला तिने. घरी चल म्हणतेय."

"अहो, पाणी शांत आहे! तुम्हाला दिसतंय ना समोर?"

"मला दिसतंय. पण आई म्हणते, तिकडच्या बाजूला कसं असेल कुणी सांगावं."

"मी सांगतो! अगदी शांत आहे म्हणावं!"

पलीकडे कुजबुज झाली. मग जावई अवघडून म्हणाला, "आई म्हणते, हे गृहस्थ लिहितात एक आणि सांगतात एक. ज्यांनी लिहिलं त्यांनी स्वतः पाण्यातून येऊन सांगावं, मग विचार करीन."

फळेकरांनी फोन परत दिला. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. "जाऊ दे बाबा," ती म्हणाली. "त्या परत आल्यावर बघू." हे तिने इतक्या समजूतदारपणे म्हटलं की ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं फळेकरांना वाटलं. झोपाळ्यावरून उतरल्यावर हाताला धरून घरी आणताना ही पोरगी अशीच समजूतदारपणे, काही न बोलता चालली होती, हेही त्यांना त्याच वेळी आठवलं.

त्यांनी तांडेलाला हाक मारली. तांडेल टोपी मांडीवर घेऊन बंद लाँचच्या कठड्यावर बसला होता. "तुझी ती घरची होडी आहे ना, वल्ह्याची? ती कंपनीची नाही. तिला वर्ग नाही."

"आहे. कुणाला जायचंय?"

"मला."

तांडेल उभा राहिला. बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग होडीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. "अहो, तुम्हाला झोपाळा सोसत नाही," ती म्हणाली. एवढ्या वर्षांची ताकीद भर धक्क्यावर मोडली गेली. पण फळेकर तोवर पायऱ्या उतरले होते.

होडीचा प्रवास कसा झाला, हे फळेकरांना विचारण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी सगळा वेळ डोळे मिटले होते. दोन्ही हातांनी फळी धरली होती. समुद्र सपाट होता. होडी वल्ह्यागणिक जेमतेम डुलत होती. पण त्या जेमतेम डुलण्यातला प्रत्येक डोल फळेकरांच्या पोटात जाऊन मोठा होत होता. आतून शब्दकोशातला एक शब्द वर येईल तर शपथ! वर येत होतं ते वेगळंच काहीतरी, आणि तोंडातून निघत होतं फक्त "आई गं".

"फळेकर, डोळे उघडा की," तांडेल म्हणाला. "इतकं लिहिलंत, एकदा बघून तरी घ्या."

"तू वल्हव," फळेकर म्हणाले.

"लाटा आक्रोश करतायत का ते सांगा म्हणजे झालं."

"मी करतोय. तू वल्हव."

पलीकडच्या धक्क्यावर फळेकर चढले ते दोन पायांवर नव्हे, चारही हातापायांवर. शर्ट घामाने चिकटला होता, चेहरा काकडीच्या सालीच्या रंगाचा झाला होता. कारकून खिडकीतून बघत होता. फळ्याखाली जाड चष्म्याच्या एक बाई हातातली पर्स छातीशी घट्ट धरून उभ्या होत्या. फळेकरांनी मान वर केली आणि आपलंच सुरेख वाक्य त्यांच्या डोक्यावर दुसऱ्याच्या वाकड्या अक्षरात टांगलेलं त्यांना दिसलं.

"आई, हेच काका," जावई म्हणाला आणि त्यांना उठवायला धावला.

बाईंनी फळेकरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, "हाउ इज द सी टुडे?"

हीच ती वेळ, ज्यासाठी माळ्यावरून शब्दकोश खाली आला होता. फळेकरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"शांत आहे हो," ते म्हणाले. "समुद्र अगदी शांत आहे. खवळलोय तो मी."

बाईंनी पर्सवरची पकड जरा सैल केली. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पाण्याची भीती वाटते?"

"भीती आहेच. शिवाय लागतंही."

"आणि हे जे लिहिलंय? सोल्स ऑफ मेन?"

"ते खिडकीत बसून लिहिलंय."

"मग आज कसे आलात?"

फळेकरांनी मागे हात केला. पाण्याच्या त्या काठाला, लांब, दोन माणसं उभी दिसत होती. त्यातली एक हात हलवत होती. "ती लेक आहे माझी," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्या घरचे सगळे मला आयुष्यभर सांगत आलेत, काही होत नाही, बस खुशाल. त्यांना काही होत नाही हे मला दिसतंच. ज्याला होतं, आणि तरी जो आला, असा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला." त्यांनी पर्स मुलाकडे दिली. "चला. पण तुम्ही माझ्या शेजारी बसा. आणि काही झालं तर मला आधी सांगा."

"सांगण्याची वेळ येणार नाही," फळेकर म्हणाले. "तुम्हाला दिसेलच."

परत येताना दोघं एकाच फळीवर बसली, आणि दोघांनी ती चार हातांनी धरली. जावई समोर बसून हसू दाबत होता. तांडेलाने टोपी सरळ केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच होडी इतकी हळू, इतकी सरळ नेली की ती चालतेय की थांबलीय ते कळेना. मध्यावर आल्यावर बाईंनी डोळे मिटूनच विचारलं, "असल्या पाण्याला काय म्हणाल तुम्ही? तुमच्या फळ्यावर?"

फळेकरांनी खूप आठवून पाहिलं. सगळे शब्द त्यांनी एकाच बाजूचे गोळा केले होते. शांत पाण्यासाठी त्यांच्याकडे काहीही नव्हतं. "बरं आहे," ते शेवटी म्हणाले.

"पुरे तेवढं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक डोळा उघडला.

तारीख त्याच संध्याकाळी ठरली, पडद्यांच्या ओल्या वासात. वरून हेडमास्तर सहज म्हणून आले आणि बाईंशी विशेषणांवर बोलू लागले, पण बाईंनी त्यांना तिसऱ्या वाक्याला दुरुस्त केलं. मग त्यांनी खाली बघून चहा प्यायला. परत जायची वेळ झाली तशी बाईंनी फळेकरांकडे नुसतं पाहिलं. फळेकर उठले आणि पायांत चपला घालू लागले.

मुख्य कचेरीने अर्थातच खुलासा मागवला. रविवारी प्रत्यक्ष स्थिती काय होती आणि लाँच बंद का राहिली? फळेकरांनी आयुष्यातलं सगळ्यात छोटं उत्तर लिहिलं, 'समुद्र शांत होता. फळा खवळला होता.' त्यावर कचेरीकडून विचारणा आली की फळा खवळणे ही स्थिती कितव्या वर्गात मोडते, ते उलट टपाली कळवावे. त्याचं उत्तर अजून गेलेलं नाही.

फळ्यावर आता रोज 'ऑल राइट' असतं. परदेशी पाहुणे त्याचा फोटो काढत नाहीत. तांडेल काही दिवस टोपी घालून रुसला होता, मग त्याने ती लग्नाच्या दिवशी घालायला नीट जपून ठेवली. बारसं उरकून विहीणबाई परत आल्या, लग्न झालं, आणि लेक पलीकडे राहायला गेली. बाईंना अलीकडे यावंसं वाटलं की त्या फोन करतात. फळ्यावर काय लिहिलंय ते विचारत नाहीत. "तुम्ही न्यायला येताय का, तेवढं सांगा," म्हणतात.

फळेकर एक गोळी गिळतात, बायकोला खिडकीत बसवतात आणि लाँचमध्ये चढतात. पलीकडे पोचेपर्यंत त्यांचा रंग पुन्हा काकडीच्या सालीचा झालेला असतो. धक्क्यावर लेक उभी असते. ती काही बोलत नाही, पुढे होते आणि त्यांना हाताला धरून उतरवून घेते.